खजिनदाराची वही

आमच्या क्लबचे अर्धे सभासद
नोटा छापायचे.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आठ तासांची पाळी,
सुटताना गेटवर झडती,
आणि तिथून थेट जेल रोडच्या मैदानावर.
चेंडूची वर्गणी दोन रुपये.
तीही उधार.

विनोद म्हणून सांगत नाही,
वहीत आहे.
पान पहिलं, सन एकाहत्तर,
अ‍ॅन्सेल्म साळवेच्या तिरक्या अक्षरात:
ब्लॅडर दुरुस्ती, साडेतीन रुपये.
लिंबं, बारा आणे.
शिल्लक, नाही.

अ‍ॅन्सेल्म गेला आणि वही माझ्याकडे आली.
शिल्लक या शब्दापुढे मी काय काय लिहिलं!
नाही. नाही. जाळी फाटकी.
एकदा, चारशे, पण रेहान कोकणीच्या गुडघ्याला लागतील.
लागले.

क्लब कोणाचा, हे कधी कोणी विचारलं नाही.
जमीन महापालिकेची,
पाणी क्वार्टरमधल्या नळाचं,
शिट्टी कोणाची ते अजून ठरायचंय.

मग पिंपळगावहून विलासशेठ ढोमसे आले,
युरोपला द्राक्षं धाडणारे.
गाडी साइडलाइनवर लावली,
ओल्या फक्कीवर टायर उमटले.
एकावन्न टक्के मागितले.
बदल्यात सगळी देणी फेडणार,
हिरवळ, दिवे, दोन परदेशी फॉरवर्ड,
तिसऱ्या वर्षी वरची लीग.
आणि बारा वर्षांखालची पोरं?
"तो खर्च आहे," शेठ म्हणाले,
"बंद करू."

सभा बालवाडीच्या खोलीत.
सत्तावीस जण बुटक्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीला टेकलेले.
शेठ उभेच.
हात वर होऊ लागले, मी मोजत गेलो.
मोजण्यावरच पोट भरलं माझं,
पस्तीस वर्षं ओल्या शाईचे ताव मोजले,
एकही घरी नेला नाही.

चौदा हवे होते. तेरा झाले.
चौदावा वहीखाली होता,
घामेजलेला.

"शेठ," मी विचारलं, "खरड छाटणी कधी करता?"
"एप्रिलात."
"तिला घड किती येतात?"
ते हसले. "अहो, ती काडीसाठी असते.
माल ऑक्टोबरच्या छाटणीचा."
"आणि एप्रिलात केलीच नाही तर?"

पंखा कुरकुरत होता.
भिंतीवर अ अननसाचा.
शेठ पहिल्यांदाच खाली बसले,
त्या बुटक्या खुर्चीवर, जपून.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"बाग माझी आहे, म्हणून मला थांबता येतं.
हे माझं करा, मग इथंही थांबेन."

याला उत्तर माझ्याजवळ नव्हतं.
आजही नाही.
हात मात्र वर गेला नाही.

दिवे आले नाहीत.
त्या तेरांपैकी तिघे माझ्याशी बोलत नाहीत,
आणि एखाद्या संध्याकाळी, सहालाच अंधारतं तेव्हा,
मला ते बरोबर वाटतात.
निनाद धिवरे, आमचा सोळा वर्षांचा डावा पाय,
पुण्याच्या क्लबनं उचलला.
घडवण्याचा मोबदला मिळतो म्हणे,
अर्ज करायचा असतो.
आम्हाला कळलं तेव्हा मुदत सरली होती.
ते नुकसान कुठल्या रकान्यात लिहितात,
कुणी शिकवलं नव्हतं.

परवा एक टेम्पो आला.
फक्कीच्या चार गोणी, चिठ्ठी नाही.
ड्रायव्हर म्हणाला, "ढोमसे शेठनं दिल्यात,
म्हणाले, रेघ मोडली होती."

जमा, फक्की, गोणी चार.
देणार, वि. ढोमसे.
कशाबद्दल?
देणगी म्हणावी की भरपाई,
की पुढल्या बोलणीचा विसार?
दोन दिवस पेन उघडं आहे.

पोरं तोवर रेघा मारून मोकळी झाली.
पेनल्टी बॉक्स
जरा तिरका आलाय.